योत्तोवरचा दुसरा माणूस



'यॉट' म्हटले की आपल्या डोळ्यासमोर श्रीमंतांची पांढरीशुभ्र नौका येते. जपानी लोक मात्र दोन माणसांच्या छोट्या शिडाच्या होडीलाही 'योत्तो'च म्हणतात. आमच्या ऑफिसातला एक जपानी सहकारी विद्यापीठाच्या योत्तो क्लबात चार वर्षे 'क्रू' होता. गेल्या उन्हाळ्यात तो आम्हा तिघा मित्रांना एनोशिमाला घेऊन गेला. तिथे जे शिकलो ते आपल्या मंडळींना सांगावेसे वाटले.

एनोशिमाचे बंदर १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधले होते. २०२० चे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तेव्हाही शर्यती इथेच, सागामी उपसागरात झाल्या. त्यात '४९अर' या अतिशय वेगवान होडीत भारताचे के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर होते. १९ जोड्यांत ते १७ वे आले. आकडा वाचून नाक मुरडण्याआधी ही होडी समजून घेऊ या.

४९अरची लांबी जेमतेम ५ मीटर, तिच्या सांगाड्याचे वजन १०० किलोच्याही आत, आणि वारा पाठीशी असताना उघडायचे मोठे शीड एकटेच सुमारे ३८ चौरस मीटरचे! जड होडी पाणी कापत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकून राहते. हलकी होडी वेग आला की पाण्यावर चढते आणि तळ्यात फेकलेल्या चपट्या दगडासारखी वरच्यावर घसरत जाते. वेगाचे रहस्य हेच.

पण हलकेपणाची किंमत मोजावी लागते. शिडावर वारा बसला की होडी कलंडू लागते. मोठ्या यॉटच्या तळाशी शिशाचे वजन असते, ते तिला उभी ठेवते. इथे ते शिसे म्हणजे आपण! इंजिनिअर मंडळींना सांगायला नको, वजन जितके बाहेर तितका त्याचा जोर जास्त. अगदी सी-सॉसारखे. म्हणून ४९अरमध्ये दोघेही डोलकाठीवरून आलेल्या तारेला कमरेचा पट्टा अडकवून होडीच्या कडेवर उभे राहतात आणि अख्खे शरीर पाण्यावर झोकून देतात. सुकाणू एकाच्या हातात असते. दुसरा, म्हणजे क्रू, वाऱ्याकडे जाताना मुख्य शिडाची दोरी सांभाळतो आणि मोठे शीड चढवतो-उतरवतो. होडी वळली की दोघांनाही पळत पलीकडच्या कडेला जावे लागते. एकाला एक क्षण उशीर झाला की दोघेही पाण्यात.

आम्हाला अर्थातच ४९अरवर कोणी बसवले नाही! आमची होडी होती '४७०', लांबी ४.७० मीटर म्हणून ते नाव. इथल्या विद्यापीठांच्या शर्यतींत प्रामुख्याने ती आणि 'स्नाइप' या होड्या असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये केइजू ओकादा आणि मिहो योशिओका यांनी ४७० मध्येच रौप्यपदक मिळवले. तारेवर लटकणे आम्हाला जमणारे नव्हते, म्हणून पट्ट्यात पाय अडकवून कडेवर बसायचे आणि मागे झुकायचे, एवढेच काम होते.

वाऱ्याचा जोराचा झोत आला. सहकारी ओरडला, "सोतो! सोतो!" म्हणजे बाहेर, बाहेर! आमच्यातला जो त्या वेळी क्रू होता तो घाबरून नेमका आत सरकला. दुसऱ्या क्षणी शीड पाण्यावर आडवे आणि दोघेही समुद्रात. भीती वाटली की माणूस आत, सुरक्षित जागी सरकतो. या होडीत सुरक्षित जागा बाहेर असते. हे मनाला पटते, पण अंगात मुरायला वेळ लागतो. गणपती-ठक्करांनी ते अंगात किती मुरवले असेल, हे त्या दिवशी कळले.

सहकारी शांतपणे होडीखालच्या फळीवर चढला, वजन टाकून होडी सरळ केली आणि म्हणाला, "मो इक्काइ." पुन्हा एकदा. रागावला नाही की हसला नाही. पडणे हा अभ्यासाचाच भाग होता.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. १९८२ च्या एशियाडच्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि 'फायरबॉल' या अशाच हलक्या दोघांच्या होडीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले. तरी आपल्यापैकी कितीजणांच्या आईवडिलांनी आपल्याला समुद्रात जाऊ दिले? "पाण्यात जाऊ नको" हेच ऐकत आपण वाढलो, आणि आता मुलांनाही तेच सांगतो.

तेव्हा मंडळी, जाणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पोहता आले तरी लाइफ जॅकेट हवेच. जाणत्या माणसाशिवाय जाऊ नका. आणि होडी उलटली तर किनाऱ्याकडे पोहत सुटू नका, होडीला धरून राहा. ती बुडत नाही, आणि शोधणाऱ्याला आधी तीच दिसते.

आम्ही येत्या उन्हाळ्यात पुन्हा जाणार आहोत. या वेळी मुलांनाही नेऊ.