एक स्पीकर, दोन खाती : लिनक्सवर आवाजाची वाटणी

जळगावच्या फुले मार्केटमध्ये असो की धुळ्याच्या आग्रा रोडवर, लहान कापड दुकानात कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. त्यावर गल्ल्याचे खाते वेगळे, मुनीमजींचे वेगळे; स्पीकर मात्र एक. लायसन्सचा खर्च नको म्हणून काही व्यापारी बांधव लिनक्स ही खुली प्रणाली वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' प्रणालीही लिनक्सवरच उभी आहे.

आता समजा, पडद्यावर गल्ल्याचे खाते उघडे आहे आणि बिलांचा प्रोग्राम मागे मुनीमजींच्या खात्यातून चालू आहे. त्याची घंटी वाजत नाही. हा बिघाड नव्हे. पडद्यासमोर ज्याचे खाते चालू, त्यालाच लिनक्स आवाजाचा ताबा देते. कारण त्या ताब्यात माईकही येतो. खरेदीचा भाव, कोणाची उधारी, ही गल्ल्यावरची बोलणी दुसऱ्या खात्याने ऐकू नयेत.

पुष्कळ लोक सोपा उपाय म्हणून सर्व खाती 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घालतात. त्यात दोन तोटे आहेत. नेटवर्कवरून दुरून शिरलेले खातेही मग माईक ऐकू शकते. शिवाय एका खात्याने साउंड कार्ड धरून ठेवले की दुसऱ्याला ते मोकळे मिळेलच असे नाही.

योग्य मार्ग अडत्याचा आहे. अनेकांचा माल एका अडत्यामार्फत जातो, तसे अनेक प्रोग्रामचे आवाज 'साउंड सर्व्हर' एकत्र करून स्पीकरला देतो. पूर्वी हे काम पल्स ऑडिओ करी. फेडोराने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २०२२ मध्ये त्याच्या जागी पाइपवायर आणले. जुने प्रोग्राम त्यावरही चालतात.

पल्स ऑडिओ असेल तर गल्ल्याच्या खात्यातील सर्व्हरला दोघांना पोहोचता येईल अशा जागी एक जादा सॉकेट, म्हणजे देवघेवीची खिडकी, उघडायला सांगावे. दोन्ही खात्यांचा एक वेगळा ग्रुप करून परवानगी फक्त त्यालाच द्यावी. मुनीमजींच्या खात्यात सर्व्हरचा पत्ता म्हणून तेच सॉकेट लिहावे. गल्ल्याचे खाते पडद्यावर असेपर्यंत दोघांचा आवाज एकाच स्पीकरमधून येईल.

एक खबरदारी घ्यावी. या खिडकीतून माईकही मिळतो. म्हणून भरवशाच्या माणसालाच ती द्यावी, नेटवर्कवर उघडू नये आणि गरज नसेल तर माईक काढूनच ठेवावा.