दह्याविना सांडगी मिरची

विदर्भाचे ऊन कठोर खरे. पण वाळवणाच्या कामाला त्याच्यासारखा सोबती नाही. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी पवनार लागते. चैत्र-वैशाखात या परिसरातील गच्च्या-अंगणांत वाळवणाच्या खाटा आणि परातींची दाटी होते. पापड, कुरडया, सांडगे यांच्या जोडीला भरलेल्या मिरच्याही उन्हात पडतात. या मिरच्यांना कोणी सांडगी मिरची म्हणते, कोणी दह्यातली मिरची. मसाला भरून, आंबट दह्यात किंवा ताकात मुरवून वाळवलेली ही मिरची तळून पानाच्या डाव्या बाजूला आली, की साधा वरण-भातही रुचकर होतो.

अलीकडे आपल्या अनेक घरांतील तरुण मुले-मुली दूध आणि दुधाचे पदार्थ सोडू लागली आहेत. त्यांच्या निर्णयाकडे वडीलधारी मंडळी कधी कौतुकाने, तर कधी काळजीने पाहतात. प्रश्न तत्त्वाचा असतो, पण तो सोडवावा लागतो स्वयंपाकघरात. आजीच्या हातची मिरची नातीच्या पानात वाढता येत नसेल, तर एकाच पंक्तीत दोन पंक्ती होतात. तेव्हा दही वगळूनही ही मिरची तितकीच चवदार करता येईल का, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

दुग्धत्यागाचा हा विचार सर्वस्वी बाहेरून आलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि तळलेले पदार्थ यांना श्वेतांबर परंपरा विगई मानते व त्यांच्या सेवनात संयम सांगते. आयंबिलाच्या ओळीत तर या सर्वांचा त्यागच असतो. दिगंबर परंपरेत रसपरित्याग हे सहा बाह्य तपांपैकी एक आहे. म्हणजे दही-तुपावाचून रांधण्याची सवय आपल्या श्राविकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. दूध आपल्या परंपरेने निषिद्ध मानलेले नाही, हेही तितकेच खरे. मात्र त्याचा त्याग कोणी अहिंसेच्या भावनेने करीत असेल, तर ती भाषा आपल्याला परकी वाटू नये.

वर्ध्याच्या मातीला तर हा प्रश्न जुनाच आहे. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दुधाचा त्याग केला. पुढे गंभीर आजारपणात त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले, आणि त्याची खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय कोणाला ठाऊक असल्यास तो कळवावा, असे आवाहनही त्यांनी तेथे केले. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन आहारात आणण्याचे प्रयोग झाले. त्याच वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी आयुष्याचा अखेरचा काळ गोसेवेला वाहिला.

पवनारला विनोबाजींनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व जैन संप्रदायांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा ७५६ गाथांचा ग्रंथ सिद्ध झाला, तो त्यांच्याच प्रेरणेने. १९८२ मध्ये मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर गोवंशहत्याबंदीसाठी त्यांच्या प्रेरणेने सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, अन्न-औषध सोडलेल्या विनोबाजींनी पवनारला देह ठेवला. ते दुधाचे विरोधक नव्हते. परंतु भाकड झालेल्या गाईचे आणि निरुपयोगी ठरलेल्या गोऱ्ह्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या सत्याग्रहाने सर्वांपुढे उभा केला. आजची तरुण पिढी तोच प्रश्न ताटाशी बसून विचारते आहे.

आता मिरचीकडे वळू. नेहमीच्या पद्धतीत आपल्या नियमांच्या दृष्टीनेही अडचणी आहेत. मिरचीत भरावयाच्या मसाल्यात मेथी असते. मेथीदाणा कठोळात धरणाऱ्या घरांत कच्च्या दह्याशी त्याचा संयोग द्विदल ठरतो. शिवाय मिरच्या रात्री दह्यात आणि दिवसा उन्हात, असा क्रम काही दिवस चालतो. त्यात दह्याची काळमर्यादा सहज उलटते. म्हणून कित्येक श्राविकांनी ही मिरची करणेच सोडले आहे. दही वगळले तर हे दोन्ही दोष एकदम टळतात.

दही काढायचे, तर त्याचे काम कोणी करायचे? दही तीन गोष्टी देते. पहिली आंबटपणा. दुसरी तिखटाला आळा, कारण दुधातील केसीन हे प्रथिन मिरचीचा दाह शोषून घेते. तिसरी, तळताना येणारा खमंग तांबूस रंग. आंबटपणासाठी लिंबू आणि आमचूर उत्तम. चिंचेने रंग काळपट होतो आणि तिच्यातील साखरेमुळे मिरची ओल धरते. दाह कमी करायचा तर मुळातच जाड, फिकट हिरवी, कमी तिखट मिरची निवडावी आणि बिया काढाव्यात. खमंगपणा भाजलेले तीळ देतात. शेंगदाण्याचे दही लावून पाहण्याचा मोह होईल. पण त्यातील तेलामुळे साठवणीतली मिरची लवकर खवट होते.

साहित्य : जाड हिरव्या मिरच्या ५०० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम, लिंबाचा रस सुमारे १५० मिलिलिटर, धने ५० ग्रॅम, तीळ ३ मोठे चमचे, जिरे १ मोठा चमचा, मेथी २ लहान चमचे, आमचूर १ मोठा चमचा, हळद १ लहान चमचा, हिंग अर्धा लहान चमचा.

कृती : मिरच्या सूर्योदयानंतर धुवून, पुसून सावलीत पूर्ण कोरड्या कराव्यात. देठ ठेवून एका बाजूने उभी चीर द्यावी व बिया काढाव्यात. धने, जिरे, मेथी आणि तीळ वेगवेगळे भाजून, गार झाल्यावर जाडसर कुटावेत. त्यात आमचूर, हळद, हिंग व निम्मे मीठ मिसळून मिरच्या भराव्यात. उरलेले मीठ लिंबाच्या रसात विरघळवावे. निम्मा रस पहिल्या दिवशी सकाळी मिरच्यांवर शिंपडून त्या लगेच कडक उन्हात ठेवाव्यात; उरलेला रस दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपडावा. परात स्टीलचीच हवी. लिंबाच्या आम्लाने पितळ, तांबे व ॲल्युमिनिअम खराब होतात. वरून पातळ मलमल बांधावी, म्हणजे सूक्ष्म जीव त्यात पडून मरणार नाहीत. सूर्यास्तापूर्वी परात घरात घ्यावी. चार-पाच दिवसांत मिरची कटकन मोडू लागली, की ती पुरती वाळली असे समजावे.

वाळलेल्या मिरच्या काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवाव्यात. पावसाळ्यात बरणी वरचेवर पाहावी. ओल वा बुरशीची शंका आली तर मिरच्या वापरू नयेत. चातुर्मासात वाळवणाबाबत आपापल्या परंपरेचा नियम पाळावा. तळताना तेल चांगले तापवून आच मंद करावी. काही क्षणांतच मिरची तांबूस होते. जवसाच्या तेलाची धार घातलेले वरण आणि भात यांच्याशी ती विशेष शोभते.

आपल्यातील अनेकांचा किराणा व खाद्यपदार्थांचा व्यापार आहे. त्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. शाकाहाराचे हिरवे चिन्ह दुधाच्या पदार्थांवरही असते. प्राणिजन्य घटक मुळीच नसलेल्या पदार्थांसाठी २०२२ च्या विनियमांनुसार वेगळे हिरवे ‘व्ही’ चिन्ह आहे, आणि ते मान्यतेशिवाय लावता येत नाही. सांडगी मिरचीच्या पाकिटावर दही किंवा ताकाचा उल्लेख आहे का, हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे हाही व्यापारातील सत्याचाच भाग होय.

घरात कोणी दूध घेते, कोणी घेत नाही. दोघांचाही विवेक आदरणीय आहे. येत्या उन्हाळ्यात निम्म्या मिरच्या या पद्धतीने करून पाहाव्यात. त्या सर्वांच्या पानात वाढता येतील, आणि ज्या श्राविकांनी द्विदलाच्या विचाराने हा पदार्थ सोडला होता, त्यांच्याही गच्चीवर मिरच्या पुन्हा वाळू लागतील.