किल्लारीहून कुरव पाहायला

समुद्रपक्षी पाहायला कोकणच गाठावं लागतं, असा आपल्याकडे समज आहे. अस्सल दर्यावर्दी पक्ष्यांपुरता तो बरोबर आहे. पण कुरव आणि सुरय हे दोन मोठे गट देशावरच्या धरणांवरही येतात, कारण मोठं उघडं पाणी, मासे आणि बसायला मोकळा काठ एवढं त्यांना पुरतं. नाथसागर, उजनी, विष्णुपुरी अशा जलाशयांनी गेल्या काही दशकांत हे सगळं दख्खनच्या कोरड्या पठारावर आणून ठेवलं आहे.

किल्लारीकरांना सर्वांत जवळचं असं पाणी तेरणेवर माकणीला आहे, सरकारी भाषेत निम्न तेरणा प्रकल्प. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या जलाशयाचं नाव देशभर गेलं ते वेगळ्याच कारणाने. पाण्याच्या भारामुळे जमीन हादरली का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाला. पक्षी पाहायचं ठिकाण म्हणून त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. ते पाहावं, म्हणून हा लेख.

चांगली जागा शोधताना लोक आधी गावाचं नाव विचारतात. मी म्हणेन, आधी पाण्याची पातळी विचारा. ऑक्टोबरात धरण काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा पाणी थेट बाभळीच्या बुंध्यांना लागतं आणि पक्ष्यांना टेकायला जागा नसते. डिसेंबरनंतर पाणी मागे सरकतं, गाळ उघडा पडतो, शेतकरी गाळपेर करू लागतात, आणि पाणी व पेरा यांच्यामधल्या ओल्या पट्ट्यात पक्षी जमतात. तो पट्टा ज्या बाजूला सपाट आणि रुंद असेल ती बाजू निवडावी. भिंतीजवळचं खोल पाणी बहुधा रिकामंच असतं. धरणाच्या शेपटाकडे, जिथे नदी जलाशयात शिरते तिथे, पाणी उथळ असतं. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात हा फिकट तपकिरी पट्टा घरबसल्या दिसतो. नंतर तिथल्या मासेमारांना विचारावं. जाळ्याभोवती पांढरे पक्षी कुठे घिरट्या घालतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. सकाळी पूर्व काठावर उभं राहावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिम काठावरून सकाळी प्रत्येक पक्षी काळाच दिसेल.

सुरय सडपातळ, पंख लांब नि टोकदार, शेपूट बहुतेकांची दुभंगलेली. आपला नदी सुरय ओळखायला सर्वांत सोपा: चोच पिवळीधमक, पाय लाल. पाण्यावरून जाता जाता तो हवेत एका जागी थबकतो, चोच सरळ खाली रोखतो आणि दगडासारखा कोसळतो. हिवाळ्यात येणारे लहान सुरय असे बुडी मारत नाहीत, ते पृष्ठभागावरचा किडा वा मासोळी उडता उडता टिपतात. नुसत्या या सवयीवरूनही लांबून फरक कळतो.

कुरव त्यांच्यापेक्षा भरीव आणि आडदांड. आपल्याकडे प्रामुख्याने दोन येतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. गोंधळ इथेच होतो, कारण हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. म्हणून डोकं सोडून पंख पाहावेत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोकं ठसठशीत काळी, आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाला ते ठिपके नसतात. त्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. पक्षी जवळ बसला असेल तर डोळा पाहा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, दुसऱ्याचा काळा. पहिला लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो. मार्च उजाडेपर्यंत डोक्यावर रंग चढू लागतो आणि मग थवे उत्तरेला निघतात.

नदी सुरय मात्र इथलाच. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळूत किंवा मुरमात, नुसत्या खळग्यात तो अंडी घालतो. फेब्रुवारी ते मे-जून या काळात अशा बेटावर पाऊल ठेवू नये. अंडी जमिनीच्याच रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाही. आई-बाप उठले की उन्हाने ती भाजतात. गुरं, मोकाट कुत्री आणि पाण्याची बदलती पातळी हे धोके आहेतच, त्यात आपली भर नको.

होडीतून पाहायचं असेल तर किल्लारीहून सोलापूरमार्गे पुणे रस्त्याला भिगवण गाठावं. उजनीच्या मागच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मासेमार हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून फिरवतात. गर्दी येते ती रोहित पक्ष्यांसाठी, पण कुरव आणि सुरय तिथे सर्वांत जवळून दिसतात. होडीवाल्याला थव्यात होडी घालायला सांगू नका. थोडं अलीकडे थांबवून शांत बसलं की पक्षी आपणहून डोक्यावरून जातात. आणि गाठी-फरसाण उधळणं बंद व्हायलाच हवं. गेटवे-मांडवा लाँचपासून भिगवणपर्यंत ही खोड पसरली आहे. तळलेलं, खारट खाणं मासे खाणाऱ्या पक्ष्याला घालून त्याचा फोटो काढणं याला पक्षीप्रेम म्हणता येणार नाही.

कोकणात गेलात तर हर्णे बंदरावर लिलावाच्या वेळी थांबा. मासळीच्या टोपल्यांभोवती कुरवांच्या झुंडी असतात, आणि त्यांत आपल्या धरणांवर क्वचितच दिसणारे, आकाराने बरेच मोठे कुरवही सापडतात. एरवी खाडीचं मुख शोधावं. तिथल्या वाळूच्या दांड्यावर तुरेवाले सुरय ओळीने वाऱ्याकडे तोंड करून बसतात. इथे पाण्याची पातळी म्हणजे भरती-ओहोटी, आणि तिचा अंदाज किल्लारीत भिंतीवरच्या कॅलेंडरवरून बांधता येतो. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यापासून साधारण सहा तासांनी. भरती चढू लागली की दूरवर विखुरलेले पक्षी पाण्याबरोबर काठाकडे ढकलले जातात, तेव्हा पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर असावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे पाणी फार झपाट्याने चढतं, माघारी यायची वाट आधीच पाहून ठेवा.

याच्याही पलीकडे खरा दर्या आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर समुद्री सुरयांची वीण होते. १८७५ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम तिथे गेले होते. या बेटांवर उतरून पक्षी उठवू नयेत, होडीतूनच पाहावेत. आणखी आत, किनारा दिसेनासा झाल्यावर, वादळपाखरं भेटतात. त्यांतलं एक चिमुकलं पाखरू अंटार्क्टिकाजवळ वीण करून आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात येतं. ते पाहायला जाणकार तांडेल, मोठी होडी आणि शांत समुद्र लागतो. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा त्या दिवसांत हट्ट धरू नये. उलट पावसाळी वाऱ्याने असे दर्यावर्दी पक्षी कधी किनाऱ्यावर, कधी बरेच आतही येऊन पडतात. तसा दमलेला पक्षी सापडला तर त्याला परत लाटांत फेकू नका, पाणीही पाजू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाला कळवा.

पण सुरुवात माकणीपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. कोकणातली सहल दोन दिवसांची. घराजवळचं पाणी वर्षभर पाहता येतं. किल्लारी, लोहारा, औसा भागातल्या शाळांनी एक वही ठेवावी. कुरव पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसले, शेवटचे कधी गेले, पाणी किती होतं, सुरयांनी कोणत्या बेटावर अंडी घातली, एवढंच त्यात लिहावं आणि ई-बर्डसारख्या खुल्या नोंदणीत भरावं. मुंबई-पुण्याच्या पाणथळांच्या अशा नोंदी भरपूर आहेत, आपल्या धरणांच्या फार थोड्या. ही वही यंदाच्या दिवाळीनंतर सुरू करा.