भिंती नसतानाही घर उभं कसं राहतं? १९१४ च्या एका चित्राची गोष्ट

कुठलंही नवं बांधकाम बघा. आधी खांब उभे राहतात, मग स्लॅब पडतो आणि विटांच्या भिंती त्यानंतर येतात. म्हणजे भिंती नसतानाही घर उभंच असतं!

शंभर वर्षांपूर्वी मात्र युरोपातली बहुतेक घरं जाड भिंतींवर उभी असायची. वरचं वजन भिंतीच पेलायच्या, त्यामुळे मोठ्या खिडक्या काढायची सोय नव्हती.

१९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममधली गावं उद्ध्वस्त झाली. घरं झटपट उभी करता यावीत म्हणून ल कॉर्बुझिए यांनी 'डोम-इनो' हा आराखडा मांडला. त्यात होतं काय? तीन सपाट स्लॅब, सहा खांब आणि एक जिना. बस्स! भिंती नंतर हव्या तिथे भरायच्या.

हे शक्य झालं आरसीसीमुळे. काँक्रीट दाब छान सहन करतं, पण ताणलं की तडकतं. तो ताण आतल्या लोखंडी सळ्या घेतात. वजन स्लॅबवरून खांबांत आणि खांबांतून पायात जातं.

याच विचारातून पॅरिसजवळ पॉसी इथे १९३१ मध्ये 'व्हिला साव्हॉय' पूर्ण झाला. खाली बारीक खांब, वर लांबच लांब खिडक्या आणि गाडी थेट घराखाली!

आपल्याकडचं स्टिल्ट पार्किंग दिसायला असंच. पण इथे एक मेख आहे. भिंती वजन पेलत नसल्या, तरी भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा त्या मजल्याला ताठ ठेवतात. वर भिंती आणि खाली नुसते खांब असले, की सगळा हिसका खालच्या खांबांवर येतो. इंजिनिअर याला 'सॉफ्ट स्टोरी' म्हणतात.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा अनेक इमारती कोसळल्या.

उपाय आहे: खालचे खांब जास्त मजबूत करणे किंवा काँक्रीटच्या शिअर वॉल बांधणे.

आणि हो, घरातली भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जरूर विचारा. जुन्या लोड-बेअरिंग घरात तीच भिंत वरचा मजला पेलत असू शकते.