कयाक: आधी भाडे, मग खरेदी

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीकरांना जवळचे मोठे पाणी म्हणजे सांक नदीवरचे तिघरा धरण. पण कयाक विकत घेण्याआधी, जिथे मिळेल तिथे तासाचे भाडे भरून हे तपासा:

• लांबी: ३ मीटरची चटकन वळते, ४ मीटरच्या पुढची सरळ जाते.
• बैठक: पाय टेकलेले, गुडघे किंचित वाकलेले. अर्ध्या तासात कंबर भरून आली, तर ती कयाक तुमची नव्हे.
• वल्हे: पाणी ओघळत कोपरापर्यंत येते? दांड्यावरची रबरी चकती पात्याकडे सरकवा.
• वजन: प्लॅस्टिकची साधारण २०-२५ किलो. गाडीच्या टपावर चढवून पाहा. घरी जिना असेल, तर हवा भरायची बरी.
• पैसे: खरेदी केल्यास भाडे किमतीतून वजा होईल का, आधीच विचारा.

लाइफ जॅकेट मात्र चाचणीतही हवेच.