हंगामी मुख्यमंत्री : दहा दिवसांचा, पण पूर्ण अधिकारांचा

रहिमतपूर : नगराध्यक्षाचे आकस्मिक निधन झाले तर नगरपालिकेचा कारभार थांबत नाही. नवी निवड होईपर्यंत उपाध्यक्ष तो पाहतो, कारण कायद्यातच तशी सोय आहे. रहिमतपूरसारख्या नगरपालिकेच्या गावात हे कोणीही सांगेल. राज्याचा मुख्यमंत्रीच पदावर असताना गेला तर काय, या प्रश्नाला मात्र राज्यघटनेत इतके सरळ उत्तर नाही.

महाराष्ट्राने हा प्रसंग अनुभवला तो १९६३ मध्ये. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. अवघ्या वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की दोनच दिवस आधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. तेथे उपाध्यक्ष जॉन्सन यांनी सुमारे दोन तासांत विमानातच शपथ घेतली आणि ते उर्वरित मुदतीसाठी पूर्ण अध्यक्ष झाले. मुंबईत असा ठरलेला वारस नव्हता. राज्यात उपमुख्यमंत्रिपदही तोवर निर्माण झाले नव्हते; ते १९७८ मध्ये नासिकराव तिरपुडे यांच्या रूपाने प्रथम आले. आणि ते असते तरी फरक पडला नसता, कारण घटनेत त्या पदाचा उल्लेखच नाही.

घटनेच्या १६४ व्या कलमानुसार मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि इतर मंत्री मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने नेमले जातात. त्यामुळे मुख्यमंत्री गेला की त्याचे मंत्रिमंडळही संपते, असा संकेत आहे. दुसरीकडे, राज्यपालांना सल्ला देण्यास मंत्रिमंडळ हवेच. या पेचातून एकच वाट उरते : विधिमंडळ पक्ष नवा नेता निवडेपर्यंत एखाद्या ज्येष्ठ मंत्र्याला शपथ देणे. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी तेच केले. कोकणातील नेते परशुराम कृष्णाजी ऊर्फ बाळासाहेब सावंत २५ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंत मुख्यमंत्री होते. ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. सावंतांचे नाव आज अनेकांना आठवते ते दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे. पंडित नेहरू आणि लालबहादूर शास्त्री यांच्यानंतर गुलझारीलाल नंदा यांनी केंद्रात हीच भूमिका दोनदा बजावली.

‘हंगामी’ आणि ‘काळजीवाहू’ या शब्दांची येथे नेहमी गल्लत होते. राजीनामा दिलेले किंवा बहुमत गमावलेले सरकार काळजीवाहू. त्याने मोठे निर्णय टाळावेत, अशी अपेक्षा असते. हंगामी मुख्यमंत्र्याच्या मागे मात्र बहुमत असते. कायद्याच्या दृष्टीने तो पूर्ण मुख्यमंत्रीच. मर्यादा असते ती राजकीय.

राष्ट्रपतिपदाबाबत घटना अधिक स्पष्ट आहे. उपराष्ट्रपती कार्यभार घेतात आणि सहा महिन्यांत निवडणूक व्हावी लागते. पण अधिकार किती, हा प्रश्न तेथेही उरतोच. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाल्यावर कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी १९ जुलै रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला! फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर बी. डी. जत्ती यांच्यावर ती जबाबदारी आली. सांगलीला लागून असलेल्या जमखंडी भागातले आणि कोल्हापुरात शिकलेले हे गृहस्थ. जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला, तेव्हा जत्ती सहीसाठी अडून राहिले. अखेर ३० एप्रिलला त्यांनी सही केली. ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला असल्याने नकाराला वाव उरलाच नव्हता.

गोव्यात तर हंगामी टप्पाच गाळला गेला. १७ मार्च २०१९ च्या सायंकाळी मनोहर पर्रीकर यांचे निधन झाले. काँग्रेसने सरकार स्थापनेचा दावा केला, भाजपच्या मित्रपक्षांशी रात्रंदिवस वाटाघाटी चालल्या, आणि १९ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. सोबत दोन उपमुख्यमंत्री देण्यात आले. मधले तीसेक तास गोव्याला मुख्यमंत्रीच नव्हता.