ट्रेडमिलवर वेगापेक्षा चढ मोलाचा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कितीतरी गावे सह्याद्रीच्या उतारावर वसलेली आहेत. वाडी वरच्या टेपावर, शेत तिच्या खाली आणि एसटीचा थांबा त्याहून खाली, अशी तेथील मांडणी असते. चढणे-उतरणे हा तेथे व्यायाम मानला जात नाही, तो दिनक्रमाचाच भाग असतो. महाड तालुक्यातील तळीये हे अशाच गावांपैकी एक. २२ जुलै २०२१ रोजी या गावातील वाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि तळीयेचे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले. भर पावसात डोंगरउतार किती घातक ठरू शकतो, हे त्या दिवशी दिसले.

या परिसरातील असंख्य कुटुंबांतील माणसे नोकरीधंद्यानिमित्त मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थायिक झाली आहेत. गणपतीला आणि शिमग्याला ती गावी जातात. रस्त्यापासून घरापर्यंतची चढण सत्तरीची चुलती बोलत बोलत चढून जाते आणि शहरातून आलेला पंचेचाळिशीचा पुतण्या मात्र दोन ठिकाणी कमरेवर हात ठेवून थांबतो. यात वयाचा प्रश्न नसतो. शहरातील सपाट रस्ते, उद्वाहक आणि दिवसभराची बैठी नोकरी यांमुळे शरीराची चढण्याची सवय मोडलेली असते. त्यातच पावसाळ्यात सकाळचा फेरफटकाही बंद पडतो. मग यावर उपाय म्हणून घरी ट्रेडमिल येते.

तिचे पुढे काय होते, हे अनेक घरांत पाहायला मिळते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने धावणे, दुसऱ्यात गुडघेदुखी आणि महिन्याभरात त्या यंत्राचा उपयोग कपडे वाळत घालण्यासाठी! चूक यंत्राची नसते. समोरच्या पडद्यावर ठळक दिसणारा वेगाचा आकडा वाढवत नेणे म्हणजेच व्यायाम, असा समज करून घेतल्याने हे घडते. डोंगरातील माणूस वेगाने चालत नाही, तो संथपणे चढतो. घरच्या ट्रेडमिलवरही हाच क्रम अधिक सुरक्षित आणि अधिक परिणामकारक ठरतो.

चढाचे गणित

ट्रेडमिलवरील चढ टक्क्यांत मोजला जातो. ५ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर वर चढणे. क्रीडावैद्यकात चालण्याचे श्रम मोजण्यासाठी एक सूत्र वापरले जाते. त्यानुसार सपाट पट्ट्यावर ताशी ४ किलोमीटर वेगाने चालताना शरीर स्वस्थ बसलेल्या अवस्थेच्या सुमारे तिप्पट प्राणवायू वापरते. वेग ताशी ६ किलोमीटरपर्यंत वाढवला, तर हे प्रमाण जेमतेम चौपट होते. मात्र वेग ४ किलोमीटरच ठेवून ६ टक्के चढ दिला, तर ते सुमारे पाचपट होते. म्हणजे पाय संथच पडतात, पण हृदय आणि फुप्फुसांना व्यायाम जास्त मिळतो.

सांध्यांच्या दृष्टीनेही हा मार्ग सोयीचा आहे. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत जातात आणि प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीच्या भाराने आपटते. वजन जास्त असलेल्या किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायामाला सुरुवात करणाऱ्या व्यक्तीच्या गुडघ्यांना हा मारा सोसत नाही.

अर्थात चढाचे औषधही बेतानेच घ्यावे लागते. रुग्णालयात हृदयाची तपासणी करताना ट्रेडमिलवर चालवतात, तेव्हा डॉक्टर चढाचाच आधार घेतात. अमेरिकेतील सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत पहिल्या टप्प्याला वेग ताशी अवघा २.७ किलोमीटर असतो, पण चढ १० टक्के असतो. त्यानंतर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवले जातात. धडधाकट दिसणारा माणूसही थोड्याच वेळात धापा टाकू लागतो. तेथे डॉक्टर शेजारी असतात आणि हृदयाचा आलेख समोर असतो. घरी यातील काहीच नसते, म्हणून घरी चढ एकेका टक्क्यानेच वाढवावा. एकदम तीव्र चढ घेतल्यास पोटरी, टाचेमागची शीर आणि कंबर दुखावते.

सुरुवातीपूर्वीची तपासणी

विनोदी अभिनेते राजू श्रीवास्तव १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीतील व्यायामशाळेत ट्रेडमिलवर व्यायाम करताना कोसळले आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी अनेकांनी ट्रेडमिललाच दोष दिला. वास्तविक, नियमित मध्यम व्यायाम हृदयाला हितकारकच असतो. धोका निर्माण होतो तो हृदयविकार असताना झेपणार नाही इतके श्रम एकाएकी केल्याने. चाळिशी ओलांडलेल्या आणि व्यायामाची सवय नसलेल्या व्यक्तींनी, तसेच मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा सांधेदुखी असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये, कारण रक्तातील साखर अचानक उतरू शकते. साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावे. भरपेट जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत.

जागा आणि वीज

शहरी सदनिकेत ट्रेडमिल बहुधा भिंतीला पाठ लावून ठेवली जाते. ही सर्वांत धोकादायक मांडणी आहे. तोल गेलेला माणूस मागे फेकला जातो आणि भिंत व फिरता पट्टा यांच्यामध्ये अडकतो. यंत्राच्या मागे किमान दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी असावी. तेवढी जागा नसेल, तर यंत्राची मागची बाजू मोकळ्या दाराकडे किंवा दिवाणखान्याकडे करावी.

विजेची काळजी त्याहून महत्त्वाची. जुलै २०२३ मध्ये दिल्लीतील रोहिणी भागातील व्यायामशाळेत ट्रेडमिलवर विजेचा धक्का बसून एका तरुणाचा मृत्यू झाला. घरी ट्रेडमिलसाठी अर्थिंग असलेला, जास्त क्षमतेचा स्वतंत्र प्लग असावा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण घरात आहे आणि चालू आहे, याची खात्री वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी. तळीयेची दुर्घटना घडली त्याच दिवसांत महाड शहरात सावित्रीच्या पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा पुरात भिजलेले यंत्र वरून कोरडे दिसले, तरी मोटार आणि आतील जोडण्यांची तपासणी झाल्याशिवाय त्याला वीज जोडू नये. जुनी ट्रेडमिल विकत घेतानाही ही चौकशी अवश्य करावी.

नवी ट्रेडमिल घेताना मोटारीच्या जाहिरातीतील कमाल अश्वशक्तीपेक्षा सलग चालण्याची अश्वशक्ती किती, हे विचारावे. वापरणाऱ्याचे वजन यंत्राच्या मर्यादेपेक्षा बरेच कमी असावे. चढ बटणाने बदलता येतो की खाली उतरून हाताने, हेही पाहावे. हाताने बदलायचा असेल, तर चालू पट्ट्यावर तो बदलता येत नाही. पट्ट्याखाली उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन तेलच घालावे. घरातील खोबरेल किंवा मशीनचे तेल पट्टा खराब करते.

चालण्याची रीत

यंत्र सुरू करताना दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर ठेवावेत. पट्टा अगदी कमी वेगाने फिरू लागल्यावरच त्यावर पाऊल टाकावे. सुरक्षा-किल्लीची दोरी कपड्यांना अडकवण्याचा अनेकांना कंटाळा येतो, पण पाय घसरल्यास यंत्र तत्क्षणी थांबवणारी तीच एक वस्तू असते. साडीचा पदर, ओढणी, लांब सैल कपडे टाळावेत. चपला घालून किंवा अनवाणी चालू नये. बांधता येणारे बूट वापरावेत.

नजर समोर, खांदे सैल आणि पाऊल नेहमीच्या लांबीचे असावे. मोबाइलवर बोलणे, मान वळवून दूरचित्रवाणीवरील मालिका पाहणे, ही पडण्याची नेहमीची कारणे आहेत. चढ वाढला की दांडी घट्ट धरून मागे रेलण्याचा मोह होतो. तसे केल्यास शरीराचे वजन हातांवर जाते, पायांचे श्रम घटतात आणि पडद्यावरचा उष्मांकांचा आकडा खोटा ठरतो. दांडी सोडून चालता येत नसेल, तर चढ जास्त झाला असे समजून तो कमी करावा. ज्येष्ठांनी तोल सावरण्यापुरता बोटांचा आधार घेण्यास हरकत नाही.

श्रम किती असावेत, हे ओळखण्याची साधी खूण आहे. चालताना वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडीच्या ठोक्यांचा हिशेब करायचा असल्यास २२० मधून वय वजा करावे आणि येणाऱ्या आकड्याच्या ५० ते ७० टक्के ठोके ठेवावेत. पन्नाशीच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा मिनिटाला ८५ ते ११९ येते. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी नाडी मंदावते. त्या घेणाऱ्यांनी बोलण्याच्या खुणेवरच भिस्त ठेवावी.

आठ आठवड्यांचा क्रम

आषाढाच्या प्रारंभी सुरुवात केली, तर गणेश चतुर्थीपर्यंत आठ आठवडे सहज मिळतात. आठवड्यातून पाच दिवस पुढील क्रम ठेवता येतो.

पहिले दोन आठवडे : सपाट पट्ट्यावर २० मिनिटे, वेग ताशी ३.५ ते ४ किलोमीटर.

तिसरा व चौथा आठवडा : वेग तोच, वेळ ३० मिनिटे.

पाचवा व सहावा आठवडा : ३० मिनिटांपैकी मधली २० मिनिटे २ टक्के चढ.

सातवा व आठवा आठवडा : मधल्या २० मिनिटांत ३ मिनिटे २ टक्के आणि २ मिनिटे ५ टक्के चढ, असे आलटून पालटून चार वेळा.

प्रत्येक दिवशी पहिली आणि शेवटची पाच मिनिटे सपाट पट्ट्यावर, अगदी सावकाश चालावे. शेवटची पाच मिनिटे कधीही टाळू नयेत. एकदम थांबल्यास पायांत उतरलेले रक्त हृदयाकडे लवकर परतत नाही, रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. वेळ, चढ आणि वेग यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. एखादा टप्पा जड गेला, तर तोच आणखी एक आठवडा चालू ठेवावा. रोज ३० मिनिटे आणि पाच दिवस म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मध्यम व्यायामाची ही किमान मर्यादा आहे. खोलीची खिडकी उघडी असावी, पंखा चालू असावा आणि पाणी जवळ असावे. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे थकवा लवकर येतो.

पुढे सवय झाल्यावर मधली २० मिनिटे ६ टक्के चढावर, ताशी ४ किलोमीटर वेगाने चालता आले, तर एका दिवसात ८० मीटर चढ होतो आणि पाच दिवसांत ४०० मीटर. महाड तालुक्यातीलच रायगडाचा रोपवे साधारण इतकीच उंची चढतो. म्हणजे आठवड्यातून एकदा रायगड चढल्याइतके श्रम घरात होतात.

यंत्र जे देत नाही

घरच्या साध्या ट्रेडमिलवर उतार मिळत नाही, ही उणीव मात्र ध्यानात ठेवावी. गड किंवा घाट उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या उतरताना शरीर सावरण्याचे काम मांडीच्या स्नायूंनी केलेले असते म्हणून. ट्रेडमिलवर या कामाचा सराव होत नाही. खाचखळग्यांच्या वाटेवर घोट्यांना लागणारा तोलही सपाट पट्टा शिकवत नाही. गावी जाण्यापूर्वी इमारतीचे तीन-चार मजले कठडा धरून सावकाश उतरण्याचा सराव दोन-तीन आठवडे करावा. खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा केल्यास मांड्यांना बळ येते.

मुले आणि धोक्याच्या खुणा

घरात लहान मुले असतील, तर व्यायाम संपताच सुरक्षा-किल्ली काढून कुलपात ठेवावी आणि प्लग बंद करावा. पट्टा फिरत असताना मुलाला त्या खोलीत येऊ देऊ नये. अमेरिकेत पेलोटन कंपनीच्या ट्रेडमिलखाली ओढले गेल्याने एका बालकाचा मृत्यू झाला आणि मे २०२१ मध्ये कंपनीने तशी सुमारे सव्वा लाख यंत्रे परत मागवली. लहान बोटे पट्ट्याच्या मागच्या टोकाशी क्षणात ओढली जातात आणि घर्षणाने खोल भाजते.

चालताना छातीवर दाब येणे, वेदना जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणे, अकारण धाप, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले, तर व्यायाम ताबडतोब थांबवावा. पित्त झाले असेल म्हणून वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. यासाठीच, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, घरात दुसरे कोणी असतानाच ट्रेडमिलवर चालावे.

गावच्या चढणीवर कोणी कोणाचा वेग मोजत नाही. तेथे न थांबता घर गाठता आले की पुरते. घरच्या यंत्रावरही वेगाचा आकडा झाकून ठेवून, बोलता येईल इतक्याच श्रमाने रोज अर्धा तास चालले, तर गणपतीला वाडीची चढण चढताना चुलतीच्या बरोबरीने बोलत जाता येईल.